पाचव्या शीलाला बसणारा घसा

"आता पुन्यांदा गोड बोला! गोड बोलून बोलून माझ्या जिभेला मुंग्या लागायची पाळी आली. अन् काहून? तर म्हणे पोलीस येऊन राहिला!"

हे मी चोरून ऐकलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. आमच्या आणि निर्मलाबाईंच्या घरात एकच भिंत आहे. ती बांधणाऱ्या मिस्त्रीनं सिमेंटला हात इतका आखडता घेतला होता, की तिकडं मिरचीची फोडणी पडली की इकडं आम्हाला ठसका लागतो. त्यात निर्मलाबाई भांडी घासताना स्वतःशी बोलतात. सगळा जन्म अंगणवाडीत लेकरांवर ओरडण्यात गेल्यामुळं त्यांचं स्वतःशी बोलणंसुद्धा पटांगणात प्रार्थना सांगितल्यासारखं असतं. मी वरणात पळी फिरवत होते, ती तशीच हातात राहिली. माझा स्वाभिमान दुखावला. तो हल्ली गुडघ्यासारखा झालाय, हवा बदलली तरी दुखतो.

बरं, मी मागितलं तरी काय होतं? आदल्या दिवशी ओट्यावर बसून एवढंच म्हणाले होते, "निर्मलाबाई, आमच्या प्रज्ञेशच्या चौकशीला पोलीस येतील. चार चांगले शब्द बोला." त्यावर त्या "हं" म्हणाल्या होत्या. त्या 'हं'चा अर्थ भिंतीनं दुसऱ्या दिवशी सांगितला.

प्रज्ञेश माझा मुलगा. वायरिंगचं काम करतो. हिंगोलीत कुणाच्या घरात फॅन उलटा फिरायला लागला तरी लोक त्यालाच बोलावतात. औंढ्याकडच्या डोंगरात एक मोठं सरकारी विज्ञानाचं केंद्र उभं राहून राहिलंय, तिथं त्याची इलेक्ट्रिशियन म्हणून निवड झाली. तिथं आत नेमकं काय होणार, हे आमच्या गल्लीत कुणालाच धड माहीत नाही. मोबाइलच्या दुकानाचा धर्मसिंग म्हणतो, आभाळाचा आवाज मोजणार. आभाळाला आवाज असतो की नाही हे मला माहीत नाही, पण ज्या यंत्राला एवढं बारीक ऐकू येतं त्याला आमच्या गल्लीतलं काय काय ऐकू जाईल, या विचारानं मला आधीच घाम फुटला होता. तर अशा ठिकाणी आत पाय ठेवायचा तर सुरक्षा पडताळणी लागते. ती झाली की पास, पास मिळाला की नोकरी. पगार, पीएफ, सगळं. नाही झाली, तर पुन्हा लोकांचे उलटे फॅन.

त्या पडताळणीच्या अर्जात दोन प्रश्न होते. कधी नशा केली होती का? कधी कर्ज थकवलं होतं का?

रात्रीच्या जेवणाला प्रज्ञेशनं शांतपणे सांगितलं, "आई, मी दोन्हीकडं 'होय' लिहिलं."

आमचे हे, म्हणजे भीमराज, जिल्हा परिषदेत कारकून आहेत. त्यांच्या घशात भाकरीचा तुकडा अडकला. पाणी पिऊन ते म्हणाले, "अरे, सरकारी कागदावर 'होय' कुणी लिहितं का? आम्ही आयुष्यभर 'निरंक' लिहून राहिलो!"

"पप्पा, साहेबांनी स्पष्ट सांगितलंय. झालेलं लपवू नका, सुटलेलं दाखवा. माणूस त्यातून बाहेर आलाय एवढं सिद्ध झालं की अडत नाही."

त्यानं असं म्हटलं आणि तो ताक प्यायला लागला. नव्या पिढीची हीच तऱ्हा. खरं बोलून मोकळे होतात आणि ते निस्तरायला आई-बाप ठेवतात.

आता तो 'होय' काय होता, ते सांगते. तीन-चार वर्षांपूर्वी माझं लेकरू गोळ्यांच्या नादी लागलं होतं. झोपेच्या औषधाच्या गोळ्या. आमच्याकडं पोरं त्याला 'बटन' म्हणतात. गोळ्यांसाठी मोबाइलवर झटपट कर्ज घेतलं, ते फेडायला दुसरं घेतलं, मग दुकानांतून उधारी. पुढं व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला, सुटला, कामाला लागला आणि सगळ्यांचं देणं फेडलं. यापेक्षा जास्त मी सांगत नाही, कारण ते दिवस आठवले की मी विनोदी राहत नाही.

पण त्या दिवसांत आमच्या गल्लीनं जो समजूतदारपणा दाखवला, त्याला तोड नाही. कुणी म्हणजे कुणी त्या गोष्टीचं नाव काढलं नाही. तो केंद्रात होता तेव्हा आम्ही म्हणालो, पुण्याला कोर्सला गेलाय. गल्ली म्हणाली, पुण्याची हवा चांगली. आमच्या घरातून 'बटन' हा शब्दच हद्दपार झाला. शर्टाला गुंड्या आल्या. टीव्ही लावायचा तर हे म्हणायचे, "ते दाबायचं असतं ते दाब." आणि हे लोण गल्लीत पसरलं. एकदा सुट्टीला आलेली निर्मलाबाईंची नात मोठ्यानं म्हणाली, "आज्जी, मिक्सरचं बटन बिघडलं," तर निर्मलाबाईंनी तिचं तोंडच दाबलं. भिंतीपलीकडून मला तेही ऐकू आलं.

सगळ्यात कमाल विहारात झाली. गल्लीच्या टोकाला आमचं बुद्धविहार आहे. रविवारी सकाळी वंदना असते. पंचशील सगळे मिळून म्हणतात, आणि पाचवं शील असतं नशापाणी न करण्याचं. तर प्रज्ञेशचं झाल्यापासून मला वाईट वाटू नये म्हणून सगळी गल्ली पहिली चार शीलं ठणठणीत म्हणायची आणि पाचव्याला एकदम आवाज खाली घ्यायची. आजारी माणसाच्या खोलीत शिरल्यासारखी. कुणी ठरवलं नव्हतं, आपोआप झालं. त्याच दिवसांत निर्मलाबाईंच्या पाण्याच्या मोटरीचं प्रकरण घडलं, म्हणजे ती एका दुपारी जागेवरून नाहीशी झाली आणि कुणी नेली हे सगळ्यांना कळलं आणि कुणालाच कळलं नाही, तेव्हापासून चोरी न करण्याचं दुसरं शीलही जरा दबलं. खोटं न बोलण्याचं चौथं मात्र आम्ही सगळे छाती काढून म्हणत होतो.

तर अशा गल्लीत मी 'सुटलेलं दाखवायला' निघाले.

पहिला सल्ला विश्वंभरकाकांचा. काका तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेत, समोरच्या घरात राहतात. फिरायला जातानाही त्यांच्या खिशाला पेन असतं, कुठं सही लागेल सांगता येत नाही. ते म्हणाले, "वहिनी, शासनात माणूस निर्दोष नसतो, त्याची फाईल निर्दोष असते. प्रथम बेबाकी गोळा करा." बेबाकी म्हणजे यांच्याकडं आमचं काही येणं बाकी नाही, असा दाखला. "ज्याची ज्याची उधारी होती, त्याची लेखी बेबाकी. पोलीस गार पडतो."

मोबाइलवरच्या कर्जांची बेबाकी प्रज्ञेशनं मोबाइलवरूनच काढली होती. राहिला धर्मसिंग. त्याच्या दुकानातून प्रज्ञेशनं उधारीवर फोन उचलले होते आणि विकले होते. नंतर दुकानाचं अख्खं वायरिंग करून देऊन आणि वर रोख देऊन फेडलेही होते. मी गेले. दुकानात गिऱ्हाइकं होती. मी आवाज लहान केला. "धर्मसिंगभाऊ, ते प्रज्ञेशचं... जुनं... ते फिटलं ना, त्याचं जरा लिहून पाहिजे होतं."

धर्मसिंगनं दोन्ही हात कानाला लावले. "भाभी, कौनसा जुना? प्रज्ञेश अपना बच्चा है. कभी उधारी थी ही नहीं!"

"होती हो भाऊ. ते फोन..."

"कायका फोन? किसने बोला तुमको? नाव सांगा, आत्ता जातो त्याच्याकडं!"

गिऱ्हाइकं माझ्याकडं बघायला लागली. मी माझ्याच मुलाची बदनामी करत फिरणारी बाई ठरत होते. मी काउंटरवर वाकून म्हणाले, "भाऊ, मला माहीत आहे तुम्ही आमची लाज राखून राहिले. पण फिटलं असं लिहून द्या."

"भाभी," तो गहिवरून म्हणाला, "जे घेतलंच न्हाई, ते फिटलं कसं लिहू? मेरेको पाप लगेगा." आणि बेबाकीच्या ऐवजी त्यानं माझ्या मोबाइलला नवी काच लावून दिली. फुकट.

बाहेर पडले तर शेजारचा चहावाला पुढं आला. "बाई, बेबाकी पाहिजे का? प्रज्ञेशची आपल्याकडं काहीच बाकी न्हाई. भीमराजसायबाची हाय." ती मी देऊन टाकली आणि घरी येऊन ह्यांची वेगळी चौकशी केली. पण तो या कथेचा विषय नाही.

दुसरा कागद म्हणजे व्यसनमुक्ती केंद्राचा. नांदेडकडं जाताना वारंगा फाट्याच्या पुढं ते केंद्र आहे. आम्ही दोघं स्कूटरवर निघालो. फाट्यावर चहाला थांबलो, तर हे चहा फुंकत बसले. चहा गार झाला तरी फुंकतच होते. पंचवीस वर्षांच्या संसारात मला एवढं कळलंय, की हा माणूस गार चहा फुंकतो तेव्हा काहीतरी गरम लपवून राहिलेला असतो.

"काय आहे?" मी विचारलं.

"काही न्हाई. तुला एक सांगायचं राहिलं. केंद्रात मी त्याचं नाव वेगळं सांगितलं होतं."

"वेगळं म्हणजे?"

"पिंटू."

पिंटू म्हणजे ह्यांचा पुतण्या. साखरा गावाला शेती करतो. इतकं सरळ पोरगं की लग्नाच्या पंगतीत पान आलं तरी त्यातली सुपारी काढून ठेवतो.

"अहो, पिंटू काहून?"

"ऐनवेळी दुसरं नाव सुचलं न्हाई. अन् पिंटूबद्दल असलं कुणी खरं मानलं नसतं, म्हणून त्याची बदनामी होण्याची भीती नव्हती."

या वाक्यात एक प्रकारचं तर्कशास्त्र आहे, हे मला परत येताना औंढ्याचा फाटा ओलांडल्यावर पटलं.

केंद्राच्या व्यवस्थापकांनी आम्हाला लगेच ओळखलं. "या, या! पिंटूचे आईवडील! कसाय आमचा पिंटू?" त्यांनी आम्हाला भिंतीवरचा फळा दाखवला. 'यशस्वी मित्र' असं वर लिहिलेलं आणि खाली तिसऱ्या ओळीत पिंटू, हिंगोली. माझे डोळे भरून आले, पण ते कुणासाठी भरून यावेत हेच कळेना. मी दाखला मागितला. ते आनंदानं उठले. "पिंटूचा ना? आत्ता देतो. सोनेरी किनारीचा देतो."

"पिंटूचा नको," मी म्हणाले. "प्रज्ञेशचा पाहिजे."

"प्रज्ञेश कोण?"

मी ह्यांच्याकडं पाहिलं. हे फळ्याकडं बघत होते. शेवटी मीच म्हणाले, "पिंटूच."

व्यवस्थापकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग अत्यंत नम्रपणे सांगितलं, की एकाच्या नावानं दुसरा माणूस सुटला असं त्यांना लिहिता येत नाही. सुटणं ज्याचं त्यालाच करावं लागतं, हे ते रोज पेशंटला शिकवतात. प्रतिज्ञापत्र करा, राजपत्रात नाव बदला, मग बघू. ते असंही म्हणाले, की खोट्या नावानं पेशंट ठेवल्याबद्दल त्यांनाच उत्तर द्यावं लागेल. त्यांची मान इतकी खाली गेली की आम्हीच त्यांची समजूत घातली, आणि सोनेरी किनारीचा दाखला घेऊन परत आलो. आता आमच्याकडं पिंटू पूर्ण सुटल्याचा पुरावा होता. फक्त पिंटू कधी अडकला नव्हता.

प्रज्ञेशनं दाखला वाचला. मला वाटलं रागावेल. तो एवढा हसला, की हातातल्या चाव्यांचा जुडगा खाली पडला. त्याच्या टेस्टरच्या कडीला नेहमी चाव्यांचा एक झुबका असतो. लाल दोरा बांधलेली एक पितळी चावी त्यात सारखी टणटण वाजते. मला वाटायचं कुठल्या तरी मीटरच्या पेटीची असेल.

"राहू दे आई," तो म्हणाला. "पोलीस येतील तेव्हा लोक सांगतीलच ना. सगळ्यांना माहीतच आहे."

हेच तर दुखणं होतं. सगळ्यांना माहीत होतं. पण सांगणारं कोण?

इथं विश्वंभरकाकांनी आपली खरी विद्वत्ता दाखवली. त्यांनी आमच्या बैठकीत सभा घेतली. मी पोहे केले. धर्मसिंग आला, निर्मलाबाई आल्या, विहाराच्या समितीतली दोन-चार माणसं आली. काका पेन काढून म्हणाले, "हे बघा, कागदोपत्री सुटल्याचं सिद्ध होत नाही. तर मग आपण उलट्या बाजूनं जाऊ. मुळात कधी अडकलाच नव्हता, असं एकमुखानं सांगू."

"पण त्यानं स्वतः लिहून दिलंय," मी म्हणाले.

"वहिनी, ते आपल्या पथ्यावर आहे. अधिकाऱ्याला वाटेल, किती नम्र मुलगा! न केलेला गुन्हासुद्धा स्वतःकडं घेतो."

आता लिहिताना मला हे वेडेपणाचं वाटतं. पण त्या दिवशी, पोह्यांवर लिंबू पिळताना, ते इतकं शहाणपणाचं वाटलं की मी काकांना दुसऱ्यांदा वाढलं. मग सराव झाला. काका स्वतः पोलीस झाले. खुर्चीवर ताठ बसून, आवाज जाडा करून त्यांनी एकेकाला विचारलं. धर्मसिंग म्हणाला, "ये बच्चा तो देव है." काका म्हणाले, देव जास्त होतं, देवमाणूस ठीक. समितीच्या एकानं सांगितलं की हा रस्त्यात पडलेला रुपया पोलीस चौकीत नेऊन देतो. काका म्हणाले, रुपया ठेवा, चौकी काढा, चौकीत विचारतील.

निर्मलाबाईंनी पोह्यांना हात लावला नाही. त्या म्हणाल्या, "म्हंजे खोटं बोलायचं?"

"खोटं नाही हो. अपुरं," काका म्हणाले.

"अपुरं," निर्मलाबाई म्हणाल्या आणि उठल्या. दारातून वळून मला म्हणाल्या, "प्रज्ञेशच्या आई, मी उद्या हट्ट्याला लेकीकडं चालले. तिच्याकडं हळद शिजून राहिली. रविवारच्या वंदनेपर्यंत येते." मला वाटलं, बाई टाळतेय. रुसलेय. मोटरीचं अजून मनातून गेलेलं नाही. आणि का जावं? नवी मोटर प्रज्ञेशनंच बसवून दिली होती, पहिल्या कमाईतून, न बोलता. पण नेलेली ती नेलेलीच.

त्या गेल्या आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या गच्चीवरची टाकी नेहमीसारखी भरून वाहायला लागली. त्या गावाला गेल्या की त्यांची टाकी आपोआप कशी भरते, हे मला कोडंच होतं. मी नगरपालिकेच्या पाण्याच्या दाबाला श्रेय देऊन मोकळी व्हायचे.

पोलीस रविवारी आले. म्हणजे काकांच्या अंदाजानं सोमवारी यायला हवे होते, पण शासन अंदाजाप्रमाणे वागत नाही, हे स्वतः काकाच सांगतात. आम्ही सगळे विहारात वंदनेला बसलेलो. सोनाजी जमादार आमच्या भागाचे बीट अंमलदार. बूट बाहेर काढून, टोपी हातात घेऊन ते गुपचूप शेवटच्या रांगेत येऊन बसले. आम्हाला पत्ताच नाही. पहिलं शील ठणठणीत झालं. दुसरं जरा मऊ. तिसरं, चौथं तर भिंती हादरतील असं. आणि पाचव्याला सगळी गल्ली कुजबुजली. त्या कुजबुजीत एकच आवाज नेहमीसारखा साधा, मोकळा होता. तो प्रज्ञेशचा. इतक्या रविवारांत तो मला कधी ऐकू आला नव्हता, कारण मी स्वतः मान खाली घालून पुटपुटत असे.

वंदना संपल्यावर पिंपळाच्या पारावर जमादार बसले. विश्वंभरकाका आणि धर्मसिंगही फाटकातून लगबगीनं आले. जमादारांनी डायरी काढली, नाकावर चष्मा ठेवला आणि म्हणाले, "जय भीम. एक इचारू का? चार शीलं पार रस्त्यावर ऐकू आली. पाचव्याला सगळ्या गल्लीचा घसा एकदमच कसा बसला?"

काका म्हणाले, "हवामान."

"हवामान," जमादार म्हणाले, आणि लिहिलं नाही.

मग जबाब सुरू झाले. धर्मसिंगनं छातीवर हात ठेवला. "साहब, देवमाणूस है. एक रुपया उधार नहीं. कभी नहीं." समितीच्या माणसानं रुपया सांगितला आणि भीतीनं चौकीही सांगून बसला. जमादार म्हणाले, "चौकीत मीच असतो. मला तर एकबी रुपया मिळाला न्हाई." विश्वंभरकाका पुढं सरसावले. "साहेब, निर्व्यसनी मुलगा. मी लहानपणापासून पाहतोय. चहासुद्धा घेत नाही." नेमका तेव्हाच प्रज्ञेश सगळ्यांना चहा देऊन आपला कप घेऊन टेकला होता. त्यानं काकांकडं पाहिलं, कपाकडं पाहिलं आणि बिचाऱ्यानं काकांच्या मानासाठी कप खाली ठेवला.

"मधले काही महिने हा गावात नव्हता म्हणतेत. कुठं होता?"

"पुण्याला, कोर्सला," हे म्हणाले.

"कसला कोर्स?"

"इलेक्ट्रिकचा," हे म्हणाले. आणि त्याच क्षणी मी म्हणाले, "विपश्यनेचा."

आम्ही दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. पंचवीस वर्षांचा संसार, पण खोटं बोलायला एकत्र बसायची वेळ कधी आली नव्हती. ह्यांनी गडबडून खिशातून सोनेरी किनारीचा दाखला काढला आणि पुढं केला. तो का काढला, हे त्यांना आजही सांगता येत नाही. जमादारांनी तो वाचला. "हा पिंटू कोण?"

"माझा पुतण्या."

"मग ह्याच्यावर ह्या पोराचा फोटो काहून?"

हे पिंपळाकडं बघायला लागले.

जमादारांनी पेनाला टोपण लावलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "बघा भीमराजसायेब, मी तुम्हाला तकलीफ द्यायला आलो न्हाई. ह्या पोरानं सोताच्या हातानं लिहून दिलंय, की नशा होती, देणं होतं, दोन्ही सुटलं. साहेब लोकांचं त्याला काही म्हणणं न्हाई. म्हणले, गावात बराबर इचारून या, खरंच सुटलंय का. आता मी इथं इचारून राहिलो, तर सगळी गल्ली सांगते की कधी नव्हतंच. एका बाजूला हे एकटं पोरगं, एका बाजूला सगळी गल्ली. मग मी काय लिवू? अर्जदारानं खोटी माहिती दिली, असंच लिवावं लागंल. अन् खोटी माहिती देणाऱ्याला तिथं फाटकाबाहेरबी उभं करत न्हाईत."

"साहेब, मी खरं लिहिलंय," प्रज्ञेश म्हणाला.

"व्हय रे बाबा. पण तुझा साक्षीदार तूच कसा? सुटलं असं लिवायला, आधी अडकला होता असं दुसऱ्या कुणीतरी म्हणावं लागतं."

पारावर एवढी शांतता झाली, की औंढ्याच्या त्या यंत्राला त्या दिवशी हिंगोलीतून काहीच ऐकू गेलं नसणार. सगळी गल्ली खाली बघत होती. ही माझीच माणसं. तीन-चार वर्षं यांनी माझ्यासाठी शब्द गिळले, मिक्सर बिघडू दिले, शीलं हळू म्हटली, आणि आता त्यांच्या या मायेखाली माझं लेकरू चेंगरून राहिलं होतं. मीही मान खाली घातली. प्रज्ञेशनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणजे माझीच समजूत घालत होता तो. जमादारांनी डायरी मिटायला घेतली.

"थांबा वो जमादार."

निर्मलाबाई. हट्ट्याहून थेट आल्या होत्या, हातात पिशवी, पदराला हळदीचे डाग. वंदना चुकली म्हणून फाटकाशीच उभ्या राहिल्या होत्या आणि सगळं ऐकत होत्या. त्या पिशवी सांभाळत पाराशी आल्या. मला वाटलं, संपलं. ही बाई आता मोटर काढणार.

आणि तिनं मोटरच काढली.

"काढा ते पेन," त्या अंगणवाडीच्या आवाजात म्हणाल्या. तो आवाज रस्त्यावर गेला, धर्मसिंगच्या दुकानापर्यंत गेला. "लिवा. हे पोरगं बटन खायचं. सगळ्या गल्लीला माहीत हाय, मलाबी माहीत हाय. माझी पाण्याची मोटर भरदुपारी ह्यानंच काढून इकली. म्या चार महिने हापशीवरून पाणी आणलं अन् रोज ह्याला शिव्या घातल्या, मनातल्या मनात, कारण ह्याची माय भिंतीपलीकडं ऐकून राहती."

जमादारांचं पेन चालू झालं होतं.

"लिवलं?"

"लिवलं बाई. अन् सुटलं, हे कशावरून?"

निर्मलाबाईंनी पिशवी खाली ठेवली, पदरानं कपाळ पुसलं आणि प्रज्ञेशपुढं तळहात केला. त्यानं खिशातून टेस्टर काढला, कडीतून लाल दोऱ्याची ती पितळी चावी सोडवली आणि त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती जमादारांच्या डोळ्यांपुढं धरली.

"ही माझ्या घराची. आत माझं सोनं हाय, पेन्शनचा पैसा हाय अन् ह्यानं बसवलेली मोटर हाय. मी गावाला गेले की ही कुणाकडं असती, ते आता ह्या सगळ्यांसमोर लिवा."